तिरंगी टेबल टॉपर शिवायचाय? मग आधी झेंड्याचं डिझाईन बाजूला ठेवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की १५ ऑगस्टला घरी पाहुणे येणार, डायनिंग टेबलच्या मधोमध टाकायला एक क्विल्टेड टॉपर, म्हणजे गोधडीसारखं तीन थरांचं कापड, शिवायचाय, वर केशरी पट्टा, मध्ये पांढरा आणि त्यात निळं चक्र, खाली हिरवा असं डिझाईन मनात आहे, मशीन घरातलं जुनं काळं, फक्त सरळ टीप मारणारं, आणि युट्यूबवर बघितलं ते सगळं अमेरिकेतल्या बायकांनी त्यांच्या ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनासाठी केलेलं, तर हे आपल्याकडे जमेल का. जमेल की! मशीनचं काही अडत नाही, क्विल्टिंगला लागते ती सरळ टीपच. अडतंय ते डिझाईनपाशी, म्हणून आधी त्याचंच बोलते, कापडाचं नंतर.

तुम्ही जे सांगताय तो टॉपर नाही हो, तो झेंडाच आहे. तीन पट्टे त्याच क्रमाने आणि मध्ये चक्र, मग ते तुकडे जोडून केलेलं असो की भरतकाम असो की छापलेलं. राष्ट्रीय सन्मानाच्या अपमानाबद्दलचा १९७१ चा कायदा आहे, त्यात झेंडा म्हणजे काय तेही लिहिलंय, कुठल्याही वस्तूवर काढलेलं त्याचं चित्र किंवा रूप, अगदी त्याचा एखादा भागसुद्धा झेंड्यातच धरलाय. आणि उशा, रुमाल, नॅपकिन असल्या गोष्टींवर तो भरायचा नाही, छापायचा नाही, भाषणाच्या टेबलावर पसरायचा नाही असं स्पष्ट आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शिवाय २००२ ची ध्वजसंहिता म्हणते की झेंडा सजावटीसाठी वापरायचा नाही, तोरणं-झालरी करायच्या नाहीत. आता तुमचं डायनिंग टेबल बघायला कोणी पोलीस येणार नाही, ते मलाही कळतं. तिरंगी केक कापल्याची केस मद्रास हायकोर्टात गेली होती, कोर्टाने २०२१ मध्ये ती रद्द केली, केक कापला म्हणजे देशाचा अपमान झाला असं होत नाही म्हणून. पण मी कायद्याच्या भीतीने सांगतच नाहीये. टेबलावरच्या कापडावर हुमणाची, म्हणजे माशांच्या कढीची, वाटी सांडणार, पोरं हात पुसणार, मग आपण ते साबणात बुडवून पिळणार आणि मळकं झालं की एक दिवस त्याचं फडकं करणार. हे सगळं ज्याच्याबाबतीत करताना हात अडखळेल ते टेबलावर घालूच नये, एवढं साधं आहे.

बरेच जण म्हणतात की आता नियम सैल झालेत ना. झालेत, पण कशात ते बघा. २०२१ च्या डिसेंबरात बदल आला तो कापडाचा, म्हणजे पॉलिस्टरचा आणि मशीनवर बनवलेला झेंडाही चालेल असा, आणि २०२२ च्या जुलैत आला तो दिवसरात्र फडकवायचा. टेबलावर, उशीवर, नॅपकिनवर चालेल असं कोणी कुठे म्हटलेलं नाही. आणि अमेरिकेचं बघून करायचं तर त्यांच्याही ध्वजनियमांत उशा-रुमालांवर झेंडा भरू नये, कागदी नॅपकिनवर छापू नये असं लिहिलेलं आहे, फक्त तो सल्ल्यासारखा आहे, कोणी मोडला तर शिक्षा नाही, म्हणून तिकडे तारे-पट्ट्यांचे टॉपर ढिगाने दिसतात. त्यांची पद्धत घ्या, चित्र घेऊ नका.

मग करायचं काय, तर तीनही रंग घ्यायचे आणि क्रम मोडायचा. आपला डोळा झेंडा ओळखतो तो रंगांवरून कमी आणि क्रमावरून जास्त. केशरी वर, हिरवा खाली, मध्ये पांढऱ्याची सलग पट्टी, हे तिन्ही एकत्र आले की झेंडा झालाच, चक्र नसलं तरी. तेच केशरी आणि हिरवा कोपऱ्याकोपऱ्यात वाटून टाकले आणि पांढरा सगळीकडे विखुरला की तोच टॉपर सणाचा दिसतो, १५ ऑगस्टचाही वाटतो, आणि झेंडा मात्र राहत नाही. निळा घ्यायचा तो नुसता निळा म्हणून, बारीक किनारीला. चक्र नको, चोवीस आरे तर अजिबात नकोत, अगदी पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने गोल टीप मारून "कुणाला दिसणार आहे" असंही नको.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांना मी यासाठी भिरभिऱ्याचं डिझाईन देते. चार भिरभिरी, दोन केशरी-पांढरी, दोन हिरवी-पांढरी, तिरकी समोरासमोर मांडायची, म्हणजे वर डावीकडे केशरी तर खाली उजवीकडे केशरी, उरलेल्या दोन जागी हिरवी. टॉपर कुठूनही बघा, टेबलाच्या चारही बाजूंना बसलेल्यांना तो सुलटाच दिसतो, हे टेबलाच्या कापडाचं निम्मं काम. भोवती एक इंच गडद निळी पट्टी, तिच्या बाहेर अडीच इंच कोऱ्या रंगाची खादी किंवा मांजरपाट, आणि शेवटी कडा झाकायला निळ्याचाच गोट. तयार झाल्यावर साडेएकतीस इंचाचा चौकोन होतो, चार-सहा माणसांच्या टेबलाला पुरतो.

कापड शुद्ध सुती. पॉपलीन किंवा कॅम्ब्रिक उत्तम. ब्लाउजचं टू बाय टू पातळ पडतं, आतला जोड बाहेरून दिसतो, घ्यायचंच तर फक्त गडद रंगात घ्या. चव्वेचाळीस इंच पन्ना धरून केशरी पाव मीटर, हिरवं पाव मीटर, पांढरं अर्धा, निळं अर्धा, बाहेरच्या किनारीचं कोरं अर्धा, आणि मागच्या अस्तराला एक मीटर. दुकानदार पाव मीटर द्यायला कुरकुरला तर अर्धा घ्या, चुकलंच तर उरलेलं कामाला येतं. आपल्या गोव्यात फोंड्यात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, पणजीत १८ जून रोडला, कुठेही घ्या, पण कापड दुकानाच्या दारात आणून उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली केशरी म्हणून घेतलेलं घरी येऊन नारिंगी निघतं, आणि हिरवा बाटलीसारखा काळपट. दोन्ही रंग एकमेकांशेजारी धरा, डोळे बारीक करून बघा, एक उठून दिसतोय आणि दुसरा बसतोय असं वाटलं तर बदला. दोघांचं वजन सारखं हवं.

आता धुणं. ही पायरी बायका हमखास टाळतात, आणि या कामात तीच टाळायची नाही, कारण पांढऱ्याला लागून केशरी आणि हिरवा म्हणजे रंग सुटला की संपलं. प्रत्येक रंग वेगळा भिजवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, मग ओल्या कापडावर पांढरं फडकं ठेवून इस्त्री फिरवा. फडक्यावर रंग उतरला तर परत धुवा. मीठ घाला, व्हिनेगर घाला असं सगळेच सांगतात, पण बाजारातून रंगवून आलेल्या कापडाचा सुटणारा रंग त्याने पक्का होत नाही, जास्तीचा रंग पाण्यानेच काढावा लागतो. चार वेळा धुऊनही सुटत असेल तर ते कापड बाजूला ठेवा आणि दुसरं आणा. धुतल्याने कापड आटतं ते आधीच आटून जातं हा दुसरा फायदा, खादी आणि मांजरपाट तर चांगलंच आटतं, म्हणून ते मोजून-मापून अगदी तेवढंच आणू नका.

आणि ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे. कापड वाळतच नाही, वाळलं तरी हाताला सर्द लागतं, आणि सर्द कापड कापलं की त्याची मापं फसतात. त्यामुळे कापायच्या आधी कोरडी गरम इस्त्री, दमट राहिलंय असं वाटलं तर परत इस्त्री. मी तर त्याआधी पेजेची निवळ पाण्यात पातळ करून त्यात कापड बुडवून वाळवते. खळ बसली की कापड पुठ्ठ्यासारखं ताठ राहतं, आणि या डिझाईनमध्ये तिरके काप असल्याने त्याचा फार उपयोग होतो, तिरका काप म्हणजे नुसतं हाताळलं तरी ताणणारा. फक्त काम पुरं झालं की एकदा धुऊन खळ काढायची, नाहीतर पेजेच्या वासाने कसर लागते.

कापायचं असं: सात इंचाचे चौकोन, पांढरे आठ, केशरी चार, हिरवे चार. गोल ब्लेडचा कटर असेल तर छानच, नसेल तर जाड पुठ्ठ्याचा सात इंचाचा साचा करा, मागे बारीक पॉलिश पेपर चिकटवा म्हणजे सरकत नाही, पेन्सिलीने आखा आणि धारदार कात्रीने कापा. कापडाची कड म्हणजे ती घट्ट विणलेली किनार आधी काढून टाका, ती वेगळी आटते. एक पांढरा चौकोन आणि एक रंगीत, सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून पांढऱ्याच्या उलट बाजूवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप, मग रेघेवर कापायचं, की दोन चौकोन मिळतात, अर्धे पांढरे अर्धे रंगीत. असे एकूण सोळा. ते उघडून जोड रंगीत बाजूला वळवून इस्त्री दाबायची. दाबायची म्हणतेय, फिरवायची नाही, फिरवली की तिरका काप लांबतो आणि चौकोन पतंगाच्या आकाराचा होतो. मग प्रत्येक चौकोन मापून साडेसहा इंचाला कापून सारखा करा, साच्याची तिरकी रेघ बरोबर जोडावर ठेवून. हे कंटाळवाणं आहे खरं, पण पुढचं सगळं यावर आहे, इथे आळस केला तर मध्यावर टोकं जुळणार नाहीत, आणि भिरभिऱ्याची टोकं जुळली नाहीत की कितीही इस्त्री करा, ते लपत नाही.

पाव इंचाचं एक सांगते. काळ्या मशीनच्या फुटाची कड धरून शिवलं तर ते पाव इंच होतंच असं नाही, फूट वेगवेगळे असतात. सुई खाली करून सुईपासून उजवीकडे पट्टीने पाव इंच मोजा आणि तिथे खालच्या पत्र्यावर कागदी टेपची पट्टी चिकटवा, दोन-तीन थर. कापडाची कड त्या पट्टीला टेकवून शिवायचं, फुटाकडे बघायचंच नाही. दोरा सगळ्या जोडकामाला एकच, फिकट राखाडी, तो पांढऱ्यातही दिसत नाही आणि हिरव्यातही नाही. सुई नवी, चौदा नंबर. पावसाळ्यात मशीनच्या सुईला आणि टाचण्यांना गंज धरतो, तो पांढऱ्या कापडावर उतरला की जात नाही, म्हणून टाचण्या कापडात रात्रभर टोचून ठेवून उठायचं नाही.

सोळा चौकोन आधी पलंगावर मांडून घ्या, आणि सगळी भिरभिरी एकाच दिशेने फिरतायत का बघा. एखादा चौकोन उलटा लागतोच, समोर बसून पटकन दिसत नाही, मोबाईलमध्ये फोटो काढला की लगेच दिसतं. मग दोन-दोन जोडा, मग त्या जोड्या एकमेकींना. भिरभिऱ्याच्या मध्यावर आठ टोकं एकत्र येतात आणि तिथे गाठ झाल्यासारखं जाड होतं. त्यावर उपाय म्हणजे मागच्या बाजूला जोड एकाच दिशेने गोल फिरवून दाबायचे, त्यासाठी मध्यावरचे पाव इंचातले दोन-तीन टाके उसवावे लागतात, उसवा बिनधास्त, पुढची टीप धरून ठेवते. चार भिरभिरी जोडली की मधला चौकोन साडेचोवीस इंच भरला पाहिजे. सव्वाचोवीस भरला तर रडत बसू नका, किनार त्या मापाने कापा. किनारीच्या पट्ट्या नेहमी मधला भाग मोजून कापायच्या, कडेला धरून लांबच लांब शिवत जाऊन शेवटी कापायच्या नाहीत, तसं केलं की किनार झालरीसारखी लाटा मारते. निळी दीड इंच रुंद, दोन साडेचोवीसच्या, दोन साडेसव्वीसच्या. मग कोरी तीन इंच रुंद, दोन साडेसव्वीसच्या, दोन साडेएकतीसच्या. सगळं पाव इंचात शिवलं की बरोबर बसतं.

आत काय भरायचं, यावर तुम्ही विचारलंय की ते शीट कुठे मिळतं. पॉलिस्टरचं वॅडिंग शिवणसामानाच्या दुकानात मिळतं, पण टेबलासाठी ते माझ्या फार मनात भरत नाही, फुगीर असलं की ग्लास डुलतो, आणि गरम टोप कोणी ठेवला तर दबून जागच्या जागी चिकटतं. त्यापेक्षा जुनी पातळ सुती चादर किंवा फ्लॅनेलचा एक थर, जरा वजन हवं असेल तर जुना झिजलेला टॉवेल. पसरट बसतं, धुतलं की आकार सोडत नाही. दोष एवढाच की सुती थर पावसात दमट राहतो, तर धुतल्यावर पंख्याखाली पूर्ण वाळवून, दोन्ही बाजूंनी इस्त्री करूनच ठेवायचा. आणि आत काही का असेना, उकळतं भांडं थेट त्यावर ठेवायचं नाही, त्याला लाकडी चकती वेगळी.

अस्तर आणि आतला थर दोन्ही पस्तीस इंचाचे घ्या, वरच्यापेक्षा चारी बाजूंनी जास्त. फरशीवर अस्तर उलटं पसरून कडांना चिकटपट्टी लावून ताणून बसवा, खेचून नाही, नुसतं सपाट. त्यावर थर, त्यावर वरचा भाग. मग कच्चा दोरा घाला, मोठे मोठे टाके, मध्यापासून बाहेर. बाकीचे सेफ्टी पिना लावतात, त्याही चालतात, पण गंजाचं मी वर सांगितलंच.

मशीनवर क्विल्टिंग करताना सुई सोळा नंबरची लावा, टाका मोठा करा, आणि फुटाचा दाब कमी करा, काळ्या मशीनला वर डोक्यावर एक स्क्रू असतो तो थोडा ढिला केला की झालं. नाहीतर खालचं कापड मशीनचे दात ओढून नेतात आणि वरचं मागे राहतं, मग चुण्या. वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही खालच्याबरोबर सरकवणारा फूट, मिळाला आणि तुमच्या मशीनला बसला तर सोन्याहून पिवळं, नाही मिळाला तर सावकाश शिवा आणि दोन्ही हात सपाट ठेवून तिन्ही थर बरोबर चालू द्या, मागून ओढू नका, सुई वाकते. पहिली टीप मध्यातून आरपार, मग तिच्या दोन्ही बाजूंना एकेक करत बाहेर. जोडाच्या खाचेत टीप मारली की ती दिसत नाही आणि भिरभिरं उठून येतं, त्यानंतर प्रत्येक रंगीत त्रिकोणात आत अर्ध्या इंचावर एक टीप पुरे. बाहेरच्या कोऱ्या किनारीवर मी लाटांच्या रेघा मारते, हाताने खडूने काढून, दोन-तीन ओळी. समुद्र आहे आपल्याकडे, तो कोणत्याही राष्ट्रीय सणाला चालतो.

मशीनवर तीन थर चालतच नसतील तर हातानं धावदोरा, आपल्या गोधडीसारखा. आणि तुकडे जोडण्याचाही कंटाळा असेल तर सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, बघा. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडे राहणारा हा समाज, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, त्यातले कितीतरी पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले आणि इथून निसटून घाटावरच्या रानात गेलेले. त्या बायका कडेपासून सुरू करतात, तुकडे दुमडून लावत धावदोरा घालत गोल गोल मध्याकडे येतात, त्यामुळे शेवटी गोट लावायची भानगडच नाही, आणि चार कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची फुलं लावतात, त्याशिवाय त्यांना गोधडी पुरी वाटत नाही. तीन रंगांचे उरलेसुरले तुकडे घेऊन असा टॉपर केला तर क्रम मोडायचा विचारही करावा लागत नाही, तो आपोआप मोडतो. वेळ मात्र हातकामाचा लागणार.

गोटाला निळ्याच्या सव्वादोन इंच रुंद चार पट्ट्या, टोकं तिरकी जोडून एक लांब पट्टी, साधारण एकशे छत्तीस इंच लागते. सरळ कडांना तिरकी म्हणजे क्रॉस पट्टी लागत नाही, ती गोल टॉपरला. पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करा, टॉपरच्या तिन्ही थरांच्या कडा सारख्या कापून घ्या आणि पट्टीच्या उघड्या कडा टॉपरच्या कडेला लावून वरून पाव इंचात शिवा. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबा, दोरा तोडा, पट्टी सरळ वर दुमडा म्हणजे तिरकी घडी पडते, मग परत खाली दुसऱ्या कडेवर आणा आणि अगदी वरून शिवायला सुरुवात करा. मागे वळवली की कोपरा आपोआप टोकदार बसतो. मागची बाजू हातानेच बारीक टाक्यांनी, टीव्ही बघत. मशीननेही होते, पण पुढून टीप कुठे खाली कुठे वर अशी दिसते, आणि एवढं करून शेवटच्या कडेला घाई करणं मला तरी बघवत नाही.

कधी सुरू करायचं, तर जुलैच्या मध्यापर्यंत कापड धुऊन ठेवा. पुढे चवथ म्हणजे गणपती जवळ येतात, शिवणाऱ्या बायकांकडे कामं साचलेली असतात, कोणाला मदतीला बोलावलं तर वेळ मिळणार नाही, आणि तुमचंही घर आवरायचं असतं.

डागांचं विचारलं नव्हतं तरी सांगते कारण पांढरं आहे. हळदीचा डाग साबण लागला की लालभडक होतो, घाबरायचं नाही, हळदीचा तो गुणच आहे, नीट खळबळून धुवायचं आणि उन्हात टाकायचं, हळदीचा पिवळा उन्हाने उडतो. पावसात ऊन नाही, तर धुऊन ठेवा, ऊन पडलं की परत ओलं करून वाळत घाला. केशरी मात्र कडक उन्हात विटतो, म्हणून डागावर ऊन पडेल आणि बाकीचा भाग कापडाखाली झाकलेला राहील असं बघा. सोलकढीचा डाग लगेच गार पाण्यात, वाळू दिला तर त्रास देतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की हाच टॉपर १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिनालाही चालेल का. चालेल की, २६ जानेवारीलाही चालेल. फक्त काही जणींना गोव्यासाठी वेगळा करायचा असतो आणि कुणबी साडीच्या लाल चौकड्या घ्यायचा मोह होतो, चांगलाच दिसतो तो, पण लाल आणि हिरवा मोठ्या तुकड्यांत शेजारी लावू नका. पोर्तुगालचा झेंडा लाल-हिरवा आहे, १९६१ पर्यंत तोच इथे फडकत होता, आणि घरात एखादे आजोबा असतील तर त्यांना ते पहिल्या नजरेत दिसेल, मुक्तिदिनाच्या जेवणाला तेवढं नको. कुणबी कापड घ्यायचं तर नुसतं गोटाला, निळ्याच्या जागी. हाताने विणलेली खरी साडी महाग असते, ती कापू नका, तुकडा मिळाला तरच.

अस्तर मात्र तुम्हाला हवं तसं घ्या. माझ्या ओळखीतल्या एकीने मागे लाल फुलाफुलांचं घातलंय, १९ तारीख झाली की टॉपर उलटते आणि नाताळभर तोच टेबलावर राहतो. तसं करायचं असेल तर क्विल्टिंगचा बॉबिनचा दोरा अस्तराच्या रंगाचा भरा, गोट निळाच ठेवा, तो दोन्हीकडे जातो, आणि अस्तराचं लाल कापडही केशरीसारखंच पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन घ्या, कारण वरचा पांढरा थर त्याच्यापासून फक्त एका चादरीच्या अंतरावर आहे.